जपानी ग्रीन टी: तरतरीसाठी कोणता, निवांतपणासाठी कोणता?

जपानी चहाबद्दल आलेले बहुतेक प्रश्न 'कोणता घेऊ?' असे आहेत. पाकिटावरच्या नावाइतकंच महत्त्व पाणी किती गरम आणि पान किती वेळ भिजलं याला आहे. म्हणून जिथे लागेल तिथे प्रमाण आणि तापमान दिलं आहे.

प्रश्न: सकाळची कॉफी सोडायची आहे. सेंचा, ग्योकुरो आणि माचा यांतल्या कशाने खरी तरतरी येते? (पुणे)

सेंचा म्हणजे उन्हात वाढलेल्या पानाचा चहा, ग्योकुरो सावलीत वाढवलेल्या पानाचा आणि माचा सावलीतल्या पानाची पूड. आता आकडे बघा. जपान सरकारच्या अन्नघटक तक्त्यात 100 मिलि तयार पेयातलं कॅफिन असं दिलं आहे: ग्योकुरो 160 मिग्रॅ, कॉफी 60, सेंचा 20, होजिचा (भाजलेला चहा) 20, बांचा (उशिराच्या तोडणीचा साधा चहा) आणि गेनमाइचा (भाजलेला तांदूळ मिसळलेला चहा) 10. ग्योकुरोचा आकडा बघून दचकू नका. तो 10 ग्रॅम पान फक्त 60 मिलि पाण्यात, 60 अंशांना अडीच मिनिटं ठेवून काढलेला आहे. असा दाट ग्योकुरो कोणी कपभर पीत नाही, 30-40 मिलि घोट घोट घेतात. म्हणजे एका वेळी 50 ते 60 मिग्रॅ पोटात जातं. सेंचाच्या 150 मिलि कपातून साधारण 30 मिग्रॅ मिळतं आणि तेवढ्याच कॉफीतून 90.

माचाचा हिशोब वेगळा, कारण त्यात पान गाळून टाकत नाहीत, पूड पाण्यासकट पितात. पुडीत वजनाच्या साधारण 3 टक्के कॅफिन असतं, म्हणजे 2 ग्रॅमच्या एका वाडग्यात 60 मिग्रॅच्या आसपास. कॉफीच्या जागी काही हवं असेल तर माझं मत माचालाच.

माचाची तरतरी कॉफीपेक्षा शांत वाटते, याचं श्रेय थिआनिन या अमिनो आम्लाला दिलं जातं. ते 1950 साली ग्योकुरोच्या पानांतून वेगळं काढण्यात आलं. थिआनिन चहाच्या मुळांत तयार होऊन पानात चढतं आणि ऊन लागलं की त्याचं रूपांतर कॅटेचिनमध्ये, म्हणजे तुरट-कडू द्रव्यात होतं. म्हणूनच माचा आणि ग्योकुरोचे मळे तोडणीआधी साधारण 20 दिवस झाकून ठेवतात. सावलीतल्या पानात थिआनिन टिकतं आणि चव गोडसर, दाट लागते. काबुसेचा नावाच्या चहाचे मळे आठवडा-दहा दिवसच झाकतात, त्यामुळे तो ग्योकुरो आणि सेंचा यांच्या मधला. सेंचा उन्हातला. फक्त अपेक्षा माफक ठेवा. थिआनिनच्या प्रयोगांत बहुधा 100-200 मिग्रॅ एकदम देतात, एका कपात तेवढं नसतं.

प्रश्न: चांगला महाग सेंचा आणला, पण कडूजहर होतो. चहात खोट आहे का? (नाशिक)

चहापेक्षा उकळत्या पाण्याची शक्यता जास्त. आपला हात पातेल्यात चहा उकळायला सरावलेला असतो आणि सेंचाला नेमकं तेच चालत नाही. 80 अंशांच्या वर कॅटेचिन आणि कॅफिन भराभर सुटतात आणि थिआनिनची गोडी त्याखाली दबते.

दोघांसाठी 5 ग्रॅम पान आणि 200 मिलि पाणी घ्या. पान वजनकाट्यावर मोजा, कारण लांब पानाचा आणि चुरा पानाचा चमचा सारखा भरत नाही. पाणी उकळून कपांत ओता, कपांतून दुसऱ्या भांड्यात, मग किटलीत. खोलीच्या तापमानाच्या भांड्यात प्रत्येक ओतण्याला ते सुमारे 10 अंशांनी उतरतं, म्हणजे थर्मामीटर नसला तरी 70-75 पर्यंत पोचता. एक मिनिट थांबा, किटली हलवू नका. मग दोन्ही कपांत थोडं थोडं आलटून पालटून ओता, म्हणजे दोघांना सारखा दाट चहा मिळेल. शेवटचा थेंबही काढा. हे सांगण्यामागे कारण आहे: किटलीत दोन चमचे पाणी राहिलं तरी पान भिजत राहतं आणि त्याच पानाचा दुसऱ्या वेळचा चहा कडू होतो. पहिल्यानंतर झाकण थोडं उघडं ठेवा. दुसऱ्या वेळी पाणी थोडं जास्त गरम चालेल, पण 10-15 सेकंदच, कारण पान आधीच उमललेलं असतं.

पाकिटावर 'फुकामुशी' लिहिलं असेल तर वेळ निम्मी करा. तोडल्यावर पान वाफवतात, ते साध्या सेंचात 30-40 सेकंद आणि फुकामुशीत त्याच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे पान चुरतं, अर्क लवकर उतरतो आणि रंग गढूळ हिरवा येतो. तो गढूळपणा दोष नाही. गाळणी मात्र बारीक जाळीची हवी.

एवढं करूनही चहा फिका आणि बेचव लागला तर पाणी तपासा. जपानचं पाणी बहुतेक ठिकाणी मृदू आहे. बोअरवेलच्या जड पाण्यात सेंचाचा सुगंध उठत नाही. गाळलेलं पाणी वापरून बघा.

प्रश्न: ऑफिसातून आल्यावर डोकं शांत करायला काय प्यावं? होजिचात कॅफिन नसतं ना? (ठाणे)

असतं. वरचा तक्ता पुन्हा बघा, 100 मिलिला सेंचाइतकंच. भाजल्याने काही कॅफिन उडतं, पण होजिचा उकळत्या पाण्यात आणि भरपूर पान घालून करतात, म्हणून आकडा जवळपास येतो. देठांचा होजिचा (कुकी-होजिचा) त्याहून हलका. भाजल्याचा खमंग वास मन निवळायला मदत करतो, हे खरं. पण झोप नाजूक असेल तर त्या वासावर भिस्त ठेवू नका.

संध्याकाळसाठी मला सर्वांत पटणारा मार्ग म्हणजे गार पाण्यातला सेंचा, जपानीत मिझुदाशी. एक लिटर पिण्याचं पाणी, 10 ग्रॅम पान, फ्रिजमध्ये 3 ते 6 तास, मग गाळा. थंड पाण्यात थिआनिन चांगलं उतरतं, कॅफिन आणि कॅटेचिन मात्र कमी. तोच सेंचा सकाळी गरम पाण्यात तरतरी देतो आणि संध्याकाळी गार पाण्यात सौम्य, गोडसर लागतो. वेळ असेल तर 5 ग्रॅम पानावर बर्फाचे खडे रचा आणि ते वितळू द्या. जो थोडासा दाट अर्क मिळतो तो ग्योकुरोच्या तोडीचा वाटेल. गाळलेला चहा त्याच दिवशी संपवा.

कॅफिन अर्धं कमी व्हायला साधारण 5 तास लागतात, काहींना बरेच जास्त. त्यामुळे दुपारी चारनंतर माचा नको. कॅफिन अजिबातच नको असेल तर मुगिचा घ्या. ते भाजलेल्या जवाचं पेय आहे, त्यात चहाचं पान नसतं.

प्रश्न: माचात गाठी राहतात आणि वास शेवाळासारखा येतो. (कोल्हापूर)

गाठींचं कारण बहुधा पूड न चाळणं. माचा अतिशय बारीक असतो आणि हवेतल्या ओलाव्याने गोळे धरतो. पाणी पडल्यावर ते फुटत नाहीत. 2 ग्रॅम पूड चहाच्या गाळणीतून रुंद वाडग्यात पाडा. आधी चमचाभर पाण्यात गुळगुळीत पेस्ट करा, मग 75-80 अंशांचं 60-70 मिलि पाणी घाला. चासेन, म्हणजे माचा फेटायचा बांबूचा ब्रश, आधी गरम पाण्यात भिजवा, नाहीतर काड्या तुटतात. मनगट सैल ठेवून पुढे-मागे, तळाला न टेकवता, 15-20 सेकंद झपाझप फेटा. गोल फिरवलं तर फेस येत नाही.

वासाचं म्हणाल तर बहुतेक वेळा पूड जुनी असते किंवा ती माचाच नसते. झाकलेल्या मळ्यातलं पान वाफवून, न वळता वाळवून, देठ-शिरा काढून दळलं की तो माचा. साधा सेंचा दळूनही पूड विकतात. तिचा रंग पिवळट आणि चव खरखरीत तुरट असते. माचा झळाळत्या हिरव्या रंगाचा असतो. हवाबंद डबी फ्रिजमध्ये ठेवत असाल तर खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर आत दव धरतं आणि सगळी पूड जाते.

प्रश्न: दुधाशिवाय जमत नाही. काय करू? (सांगली)

होजिचा. 8 ग्रॅम पान 150 मिलि पाण्यात दोन मिनिटं उकळा, 150 मिलि गरम दूध घाला, गाळा. दोघांना पुरतो. हा चहा उकळून बिघडत नाही. सेंचात मात्र दूध नको.

प्रश्न: हिमोग्लोबिन कमी आहे, शिवाय पित्ताचा त्रास. ग्रीन टी चालेल का? (छत्रपती संभाजीनगर)

उपाशीपोटी घेऊ नका आणि जेवणाबरोबरही नको. कॅटेचिन वनस्पतींतल्या लोहाला धरून ठेवतात, त्यामुळे पालेभाजी-कडधान्याच्या जेवणानंतर किमान तास जाऊ द्या. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांबरोबर चहा अजिबात नको. गरोदरपणी दिवसाचं एकूण कॅफिन 200 मिग्रॅच्या आत ठेवण्याचा सल्ला दिला जातो. त्यात दूध घातलेला आपला चहाही मोजा. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी माचा डॉक्टरांना विचारूनच घ्यावा, कारण संपूर्ण पान पोटात जातं आणि त्यात जीवनसत्त्व के भरपूर असतं.

प्रश्न: एकच पाकीट घ्यायचं तर? (इंदूर)

सेंचा घ्या, कारण सकाळचं गरम आणि संध्याकाळचं गार दोन्ही त्याच पाकिटातून निघतं. जपानच्या शिझुओका किंवा कागोशिमा भागातला, वसंतातल्या पहिल्या तोडणीचा असेल तर उत्तम. तोडणीचं वर्ष लिहिलेलं असेल तर बघा. 50 ग्रॅमचंच पाकीट आणा. उघडल्यावर हवा काढून चिमट्याने बंद करा, मसाल्यांच्या डब्यापासून लांब ठेवा आणि महिन्याभरात संपवा.