क्लायंटची पहिली भेट : तयारी नेमकी कशाची करावी?

प्रश्न : मी यंदा यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी पूर्ण करत आहे. औद्योगिक पंप बनवणाऱ्या एका कंपनीत विक्री अभियंता म्हणून माझी निवड झाली असून क्लायंटना प्रत्यक्ष भेटणे हा कामाचा मोठा भाग असेल. मी मितभाषी आहे. छाप पहिल्या काही क्षणांतच पडते आणि तीत शब्दांचा वाटा केवळ 7 टक्के असतो, असे एका कार्यशाळेत ऐकल्यापासून मी धास्तावले आहे. व्यक्तिमत्त्व विकासाचा वर्ग लावावा का?

उत्तर : आधी त्या 7 टक्क्यांबद्दल. हा आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधील प्रयोगांतून आला आहे. बोलणाऱ्याचे शब्द, आवाजाची पट्टी आणि चेहरा यांत विसंगती असेल, तर त्याच्या मनातील आवड-नावड ओळखताना ऐकणारा कशावर विसंबतो, एवढाच त्या प्रयोगांचा विषय होता. पंपाची क्षमता, दर किंवा पुरवठ्याची मुदत यांविषयीच्या संभाषणाला तो लागू होत नाही, आणि खुद्द मेहराबियन यांनीही ही मर्यादा स्पष्ट केली आहे. तरीही कार्यशाळांच्या स्लाइडवरून तो काही हटत नाही. पहिल्या क्षणांची गोष्ट मात्र निराधार नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातील विलिस आणि तोदोरोव यांनी 2006 मध्ये दाखवून दिले की, अनोळखी चेहऱ्याचे छायाचित्र सेकंदाचा दहावा भाग दिसले तरी माणसे त्याच्या विश्वासार्हतेबद्दल मत बनवतात आणि अधिक वेळ मिळाल्यास ते मत फारसे न बदलता अधिक ठाम होते. मात्र त्या प्रयोगात समोर केवळ छायाचित्र होते. तुमची भेट अर्धा-पाऊण तास चालेल आणि त्या वेळात क्लायंटला तुमच्याबद्दल पुष्कळ काही कळेल.

म्हणून पेहराव, वेळेवर पोहोचणे, अभिवादन, मोबाइल बंद करून बॅगेत ठेवणे या बाबी सांभाळाव्यात, पण त्यांवर फार विचार करू नये. कपडे नीटनेटके आणि कामाच्या जागेला साजेसे असावेत. कारखान्यात फिरायचे असेल तर बंद बूट हवेत, हे अर्थातच आले.

खरा वेळ द्यायचा तो त्यांचे काम समजून घेण्यासाठी. भेटीपूर्वी त्यांचे उत्पादन कोणते, त्यात पंप कोठे लागतो, कोणता द्रव वाहून न्यायचा आहे, तुमच्या कंपनीचा त्यांच्याशी आधीचा पत्रव्यवहार काय आहे आणि एखादी तक्रार प्रलंबित आहे का, हे पाहून ठेवावे. प्रलंबित तक्रारीची कल्पना नसताना नव्या मॉडेलची माहिती सांगू लागणे, यासारखी वाईट सुरुवात नाही. तक्रार असेल तर तिचा उल्लेख क्लायंटने करण्याआधी आपणच करावा.

प्रत्यक्ष भेटीत मितभाषी असणे ही अडचण ठरेल, असे मला वाटत नाही. हार्वर्डमधील संशोधकांच्या 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, नव्या ओळखीच्या संभाषणात जास्त प्रश्न विचारणारी, विशेषतः मिळालेल्या उत्तराचा धागा पकडून पुढचा प्रश्न विचारणारी माणसे समोरच्याला अधिक आवडतात. समजा, पंपाचे सील, म्हणजे द्रव बाहेर येऊ न देणारा भाग, वारंवार गळते, असे क्लायंटने सांगितले. त्यावर लगेच आपल्या सीलची गुणवत्ता सांगू लागण्याऐवजी नवे सील बसवल्यावर किती दिवसांनी गळती सुरू होते, पंप ठरलेल्या प्रवाहावर चालतो की व्हॉल्व्ह आवळून चालवला जातो, त्याला कंप जाणवतो का, असे विचारावे. आपल्या अडचणीचे मूळ शोधणारे कोणी समोर आहे, हे क्लायंटला अशा प्रश्नांतून कळते आणि पुढे सुचवायच्या पंपाची निवडही त्यांतूनच अचूक होते. उत्तरे मात्र वहीत लिहून घ्यावीत. समोर लॅपटॉप उघडून टंकत बसल्यास दोघांमध्ये आडपडदा उभा राहतो.

एखाद्या प्रश्नाचे उत्तर येणार नाही, हे गृहीत धरूनच जावे. नवख्या व्यक्तीकडून घडणारी सर्वांत महागडी गोष्ट म्हणजे गप्प राहणे अवघड वाटल्यामुळे दरातील सवलतीचे किंवा पुरवठ्याच्या तारखेचे आश्वासन देऊन बसणे. ‘हे मला तपासावे लागेल, उद्या दुपारपर्यंत लेखी कळवते,’ असे शांतपणे सांगावे आणि खरोखर दुपारच्या आत कळवावे. भेटीत काय ठरले, कोणी काय करायचे आणि कधीपर्यंत, एवढे सांगणारा छोटा ईमेल त्याच दिवशी पाठवावा. अनेक क्लायंट नव्या माणसाबद्दलचे मत भेटीत नव्हे, तर या ईमेलनंतर पक्के करतात, असे माझे निरीक्षण आहे.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गाची गरज मला दिसत नाही. ते पैसे वाचवून रुजू झाल्यावर वरिष्ठांना विनंती करावी की, सुरुवातीच्या भेटींना त्यांनी तुम्हाला सोबत न्यावे आणि टिपणे घेण्याचे तसेच नंतरचा ईमेल लिहिण्याचे काम तुमच्याकडे द्यावे. पाठवण्यापूर्वी ईमेलचा मसुदा त्यांना दाखवावा आणि त्यांच्या दुरुस्त्या जपून ठेवाव्यात. काही भेटींनंतर तांत्रिक प्रश्न विचारण्याची जबाबदारी मागून घ्यावी आणि ती जमू लागल्यावरच एकटीने जाण्याचा विषय काढावा.