एनसी झाली म्हणजे सीए संपलं का?

पत्र : मी कराडला असते. माझी मुलगी १९ वर्षांची आहे. पुण्यात हॉस्टेलवर राहून बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सोबत सीए इंटरचा अभ्यास चालू आहे. गेल्या महिन्यात मैत्रिणींबरोबर मॉलमध्ये गेली होती, तिथे तिने ६४९ रुपयांची लिपस्टिक पर्समध्ये टाकली. दारात अलार्म वाजला. मॅनेजरने दोन तास बसवून ठेवलं, माफीनामा लिहून घेतला, पैसे भरून घेतले, तिचा फोटो काढला आणि तरीही चौकीत नेऊन एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) केली. तिच्या बाबांना अजून काही माहीत नाही. माझा भाऊ म्हणतो, तिला घरी आणा, बाहेरून परीक्षा देऊ दे आणि स्थळं बघायला लागा. ओळखीतले एक गृहस्थ म्हणाले, कोर्टात उभं राहून गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, विषय संपला. तिचं सीए, पासपोर्ट, नोकरी, सगळं गेलं का?

उत्तर : ताई, नाही गेलं. आज तिच्या नावावर जे लागलंय त्याने सीए अडत नाही आणि पासपोर्टही अडत नाही. अडेल ते पुढे घाईघाईत काही करून बसलात तर. त्या गृहस्थांचा सल्ला त्यातलाच आहे.

चौकीत नेमकं काय झालं ते आधी समजून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३(२) मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. एवढं वाचून माणूस हबकतो. पण माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा असेल तर तोच गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरतो. म्हणून एफआयआर झाली नाही, एनसी झाली. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिस त्यात तपास करू शकत नाहीत. एनसी म्हणजे तक्रारीची नोंद. तो खटला नव्हे आणि दोषी ठरणं तर नव्हेच. अशा कितीतरी नोंदी रजिस्टरमध्येच राहतात. तरी दुकानाने मनावर घेतलं तर ते कोर्टात जाऊ शकतात, म्हणून निर्धास्तही राहू नका. एनसीचा नंबर, तारीख आणि त्यात लावलेलं कलम मुलीकडून कागदावर मागवून घ्या. फोनवर रडत सांगितलेल्या गोष्टीत एनसी, एफआयआर, अटक हे सगळे शब्द एकमेकांत मिसळलेले असतात.

आता तो ‘कबूल करा, दंड भरा’ सल्ला. नव्या कायद्यात अशी तरतूद आहे की पाच हजारांखालची पहिलीच चोरी असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा म्हणून सामाजिक सेवा द्यायची. ऐकायला किती सौम्य वाटतं! पण सामाजिक सेवा हीसुद्धा शिक्षाच, आणि शिक्षा होते ती दोषी ठरवल्यावर. तुमच्या मुलीला जिथे जायचंय तिथे हाच फरक मोलाचा आहे. सनदी लेखापाल (सीए) कायद्याच्या कलम ८ नुसार नैतिक अधःपतनाच्या, कैदेस पात्र अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला सीएंच्या संस्थेच्या नोंदवहीत नाव घालायला अडचण येते. तिथे प्रत्यक्ष कैद झाली का एवढंच बघत नाहीत, तो गुन्हा कैदेला पात्र होता का हे बघतात. चोरी तशी पात्र आहे. ही अपात्रता केंद्र सरकारकडे अर्ज करून दूर करून घेता येते, पण साडेसहाशे रुपयांपायी तिने दिल्लीपर्यंत अर्ज करत का बसावं?

यापेक्षा चांगली वाट आहे. चोरीचा हा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो. मालाचा मालक, म्हणजे इथे ते दुकान चालवणारी कंपनी, तयार असेल तर प्रकरण कोर्टात गेल्यावरही तडजोड होते आणि कायद्याने तिचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो. पैसे भरलेत, माल त्यांच्याकडेच आहे. मग मॅनेजरकडून ‘आमची पुढे काही तक्रार नाही’ असं कंपनीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी मागून घ्या. पैसे भरल्याची पावतीही जपून ठेवा. आणि समजा तडजोड फिसकटलीच, तरी १९५८ चा अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा आहे. त्यात कोर्ट पहिल्या अपराधाला समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकतं, आणि तसं सोडलं तर कलम १२ प्रमाणे त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. मात्र हे वकिलाने कोर्टात मागावं लागतं, आपोआप पदरात पडत नाही. वकिलाच्या फीचा घोर नको. विधी सेवा कायद्याने महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पुण्यात शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. ही सोय असूनही ओळखीच्या गृहस्थांनाच आधी का विचारलं जातं, हे मला आजवर कळलेलं नाही.

नोकरीचं म्हणाल तर खरा घोळ फॉर्म भरताना होतो. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात (अटेस्टेशन फॉर्म) अटक झाली होती का, खटला चालू आहे का, शिक्षा झाली होती का, असे वेगवेगळे प्रश्न असतात. प्रत्येकाचं उत्तर त्या प्रश्नापुरतं आणि खरं द्यायचं. चौकीत नेऊन बसवलं म्हणजे अटक झालीच असं नाही. तेव्हाच्या कागदांवर काय आहे ते वकिलाला दाखवून एकदा पक्कं करून घ्या आणि मग कायम तेच उत्तर द्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात माहिती दडवण्याबद्दल सविस्तर नियम घालून दिले. तरुण वयातला किरकोळ गुन्हा नोकरी देणाऱ्याने सोडून द्यावा, याला त्यात जागा आहे. पण मोठ्या प्रकरणात दडवादडवी झाली तर नोकरी जाऊ शकते, हेही त्यात आहे. पासपोर्ट अडतो तो कोर्टात फौजदारी खटला चालू असेल तर, आणि तेव्हाही कोर्टाची परवानगी आणून मिळतो. परदेशी जायचं झालं तर अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात, पुढे माफी मिळाली असली तरी, कधीही अटक किंवा दोषसिद्धी झाली होती का असं विचारतात. तिथेही वकिलाला दाखवलेले तेच कागद कामाला येतील.

मुलगी अठराच्या आतली असती तर बाल न्याय कायदा लागला असता. त्यात किरकोळ गुन्ह्याला एफआयआर होत नाही, आणि मिटलेल्या प्रकरणाची माहिती चारित्र्य दाखल्यासाठी द्यायला पोलिसांना मनाई आहे. अकरावी-बारावीच्या मुलांच्या पालकांसाठी हे लिहून ठेवतो.

तो फोटो दुकानात लावण्याचा किंवा ग्रुपवर फिरवण्याचा हक्क दुकानाला नाही. मॅनेजरला भेटाल तेव्हा तो काढून टाकायला सांगा. आवाज चढवू नका, तडजोडीचं पत्र त्याच माणसाकडून हवंय.

आता तुमच्या भावाबद्दल. कॉलेज सोडायला लावलंत तर उद्या प्रत्येक मुलाखतीत ‘हे वर्ष मध्येच का सुटलं?’ हा प्रश्न येईल. एनसीबद्दल कुणी विचारलं नसतं, रिकाम्या वर्षाबद्दल सगळेच विचारतील. शिवाय बाहेरची भानगड कॉलेजला आपण होऊन कळवायची काही गरज नाही. स्थळांचं तर बोलायलाच नको. एकोणीस वर्षांच्या पोरीने लिपस्टिक उचलली म्हणून तिचं लग्न लावायचं, हा कुठला न्याय?

तिने का केलं, हे मात्र शांतपणे विचारा. मैत्रिणींनी पैज लावली होती, हातात पैसे नव्हते, की असं याआधीही घडलंय? पहिल्या दोन कारणांवर घरातच बोलून मार्ग निघतो. गरज नसताना वस्तू उचलाविशी वाटते आणि नंतर स्वतःचीच किळस येते, असं ती म्हणाली तर समुपदेशकाकडे न्या. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. सप्टेंबरचा अटेम्प्ट द्यायचा असेल तर तो तिला देऊ दे.

राहता राहिले बाबा. एनसीत तिने पत्ता कुठला दिलाय ते विचारा. हॉस्टेलचा असेल तर वेळ आहे. आधार कार्डावरचा कराडचा असेल आणि दुकान कोर्टात गेलं, तर समन्स तुमच्याच दारात येईल, आणि दार कोण उघडेल ते सांगता येत नाही. त्याआधी, या रविवारी ती घरी येईल तेव्हा, तिघांनी बसून बोला. सांगायचं तिने, तुम्ही नुसतं शेजारी बसा.