आजीला खोटं का सांगितलं? डब्लिनहून आलेला प्रश्न

डब्लिनहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा आठ वर्षांचा, सेकंड क्लासमध्ये, शाळा कॅथलिक, आणि तिकडच्या बहुतेक प्रायमरी शाळा चर्चच्याच असतात म्हणून यांनी काही मुद्दाम निवडलेली नाही. वर्गात फर्स्ट कम्युनियनची, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याच्या विधीची, तयारी चाललीय, त्याच्या आधी पहिलं कन्फेशन, म्हणजे फादरजवळ आपल्या चुका कबूल करणं असतं, आणि त्यासाठी मुलांना शिकवतात की आज आपण कुठे चुकलो ते शांत बसून आठवा. हा मुलगा कम्युनियन घेणार नाहीये पण वर्गात बसतो, ऐकतो. तर झालं असं की बाबाची नोकरी गेलीय, आणि इंदूरला लोकमान्य नगरात राहणाऱ्या आजीला सांगितलंय की घरून काम चाललंय, वर दर महिन्याचे पैसेही सेव्हिंगमधून काढून पाठवतायत. मुलाने ते कॉलवर ऐकलं आणि विचारलं, बाबा खोटं का बोलला? आता आजीचा व्हिडिओ कॉल आला की तो बाथरूममध्ये जाऊन बसतो. मिस्टर म्हणतात त्याला रिलिजनच्या तासाला बसवूच नका.

ताई, तास बंद करणं तुमच्या हातात आहे, आयर्लंडच्या घटनेतच तो हक्क दिलाय, शाळेला लिहून द्या की झालं. पण या कारणासाठी करू नका असं मला अगदी मनापासून वाटतं. मुलाने बरोबर प्रश्न विचारला आणि त्याचं फळ म्हणून त्याचा तास गेला, हे त्याला कायमचं लक्षात राहील.

आधी त्याला तिथे काय शिकवतायत ते बघू. कॅथलिक विचारात सद्सद्विवेकबुद्धी म्हणजे मला आतून वाटलं म्हणून बरोबर, असं नाही. तेराव्या शतकातले कॅथलिक विचारवंत थॉमस अक्वायनस म्हणतात की आपल्याला जे चांगलं-वाईट कळतं ते समोरच्या एका प्रसंगाला लावून बघणं, तो निर्णय, म्हणजे ही बुद्धी. ती चुकू शकते, तरी तिच्याविरुद्ध वागायचं नाही, आणि म्हणूनच तिला आयुष्यभर घडवत राहायची जबाबदारी आपली, आळसाने अडाणी राहिलो तर ती सबब चालत नाही. चर्चच्या कायद्यात सात वर्षं पूर्ण झाली की मुलाला समज आली असं धरतात. तुमच्या मुलाची समज आलीय, घडायची बाकी आहे, आणि ते काम शाळेपेक्षा तुमच्या घरात जास्त होणार.

आता बाबाचं बघू. कॅथलिक शिकवणीत कुठलीही कृती तीन बाजूंनी तपासतात, केलं काय, कशासाठी केलं, आणि परिस्थिती काय होती. हेतू चांगला होता, आईला त्रास नको, परिस्थितीही अवघड, पण हेतू चांगला म्हणून खोटं खरं होत नाही, यावर ते ठाम आहेत. मात्र सगळं खोटं एका मापाचं नाही. अक्वायनस मस्करीतलं, कुणाच्या भल्यासाठीचं आणि कुणाचं नुकसान करणारं असे तीन प्रकार करतात, आणि भल्यासाठीचं खोटं चूक असलं तरी हलकी चूक मानतात. हे मुलाला जरूर सांगा, कारण त्याच्या डोक्यात बाबा पापी झालाय आणि ते ओझं आठ वर्षांच्या पोराला झेपत नाही.

दुसरी गोष्ट याहून कामाची. खोटं बोलणं आणि न सांगणं यात कॅथलिक शिकवणीत फरक करतात. ज्याला जाणून घ्यायचा हक्क नाही त्याला सगळं सांगायचं बंधन नाही, गप्प बसता येतं, विषय बदलता येतो. पण इथे पळवाट शोधू नका. धर्मराजाने नरो वा कुंजरो वा म्हटलं ते तांत्रिकदृष्ट्या खोटं नव्हतं, तरी रथ जमिनीला टेकलाच ना? युरोपातही काही पंडितांनी अर्धं वाक्य मोठ्याने बोलायचं आणि उरलेलं मनात ठेवायचं अशी युक्ती काढली होती, ती पोप इनोसंट अकरावे यांनी १६७९ मध्ये साफ चूक ठरवली.

मग आजींना हक्क आहे का? मला वाटतं आहे. शेजारणीला नसेल, पण त्या तुमचे पैसे घेतायत, त्यावर आपला खर्च ठरवतायत, म्हणजे खोट्या माहितीवर निर्णय घेतायत. खरं कळलं असतं तर कदाचित त्यांनीच म्हटलं असतं, अरे, पाठवू नकोस. त्यांना इतकं नाजूक समजू नका, इंदूरमधल्या त्यांच्या वयाच्या लोकांनी तिथली हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडताना बघितलीय आणि कामगारांची देणी २०२३ संपता संपता मिळताना पण बघितलीत, घरात पगार बंद होणं म्हणजे काय ते त्यांना कुणी शिकवायला नको.

म्हणून मिस्टरांनी स्वतः फोन करावा, मुलगा शाळेत असताना, इंदूरला दुपार असेल तेव्हा, रात्री नको. आधी तिथल्या कुणा नातेवाईकाला सांगून ठेवा की त्या दिवशी आईंकडे चक्कर मारा, बीपीची गोळी घेतलीय ना बघा. पुढे काय करणार आहोत तेही त्याच फोनमध्ये सांगा, नुसती बातमी देऊन ठेवू नका. कधी सांगायचं, कसं, किती, हे ओळखणं म्हणजे विवेक, आणि कॅथलिक परंपरेत न्याय, धैर्य आणि संयमाच्या आधी त्यालाच मान आहे.

मुलाला तोपर्यंत एवढंच सांगा, हे बाबा सांगणार आहे, ते तुझं काम नाही, आणि तुला खोटंही बोलायचं नाहीये, आजीने विचारलं तर म्हण बाबाला विचार. आणि तो रोज रात्री स्वतःच्या चुका मोजत बसत असेल, तेच तेच विचारत असेल, तर टीचरशी बोला. या त्रासाची चर्चला जुनी ओळख आहे, जेझुइट संघ स्थापन करणारे संत, लोयोलाचे इग्नेशियस, स्पेनमधल्या मानरेसाला असताना याच काळजीने पार खचले होते, जाणकार टीचर ते हसण्यावारी नेणार नाहीत.

एक राहिलंच, कम्युनियन साधारण मे महिन्यात असतं, त्या दिवशी सगळ्यांना नवे कपडे, पार्टी, पाकिटं, आणि तुमच्या मुलाला काहीच नाही असं होतं. त्या दिवशी आणि तयारीच्या तासांना तो काय करणार हे टीचरना आत्ताच विचारून ठेवा.