खुर्चीत बसवण्याआधी

प्रिय,

तालुक्याच्या गावी संमोहनाची खोली उघडायचं ठरवलंस, पण पत्रातले सगळे प्रश्न डोळे कसे मिटवायचे, गुंगी किती खोल न्यायची, याबद्दलचे आहेत. ते सरावाने हाती बसेल. अवघड काम त्याच्या आधी असतं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

पहिल्या भेटीला दीड तास धर. त्यातली चाळीस मिनिटं नुसती विचारपूस. त्रास कधीपासून, आधी कोणाला दाखवलं, कोणत्या गोळ्या चालू, झोप किती, दारू किती, कधी मिरगी आली का. कानात आवाज येतात, शेजारी करणी करतात असं म्हणणाऱ्याला, किंवा चार-चार रात्री न झोपताही अंगात जोर आहे म्हणणाऱ्याला खुर्चीत बसवू नकोस. तुझा आवाजही त्याच्या भासात मिसळेल. त्याला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठव, किंवा नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात. मिरगी असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काहीच करायचं नाही. पिऊन आलेल्याला दुसरा दिवस दे. कारण न शोधलेली दुखणी, विशेषतः छातीची आणि पोटाची, सूचना देऊन दाबायची नाहीत. दुखणं गप्प झालं की माणूस दवाखान्यात जायचा थांबतो.

आणि एक प्रश्न शेतकऱ्याला, त्याच्या बायकोला, शाळकरी पोरालाही सरळ विचारायचा: जीव द्यावा असं वाटते का? विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उत्तर हो आलं तर त्या दिवशी संमोहन नाही. घरात फवारणीचं औषध कुठे ठेवलंय ते विचार, घरच्यांना बोलावून ते कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवायला लाव, माणसाला एकटं सोडू नका म्हणून सांग, आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेव.

आता खोलीबद्दल. आपल्याकडे संमोहन म्हटलं की लोकांना मांत्रिक आठवतो, आणि तू काहीही न बोलता तुझी खोली त्याला दुजोरा देऊ शकते. म्हणून लोलक नको, अगरबत्ती नको, काळा पडदा नको. मान टेकेल अशी खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले, पाण्याचा तांब्या, भिंतीवर घड्याळ. हात आपोआप वर उठवण्याची पद्धत पुस्तकात फार आवडीने शिकवतात. गावात ती टाळ. स्वतःचा हात न उचलता उठतोय हे पाहून अर्ध्या लोकांना अंगात आल्यासारखं वाटतं. डोळे जड होण्यावर काम कर. नजरेच्या थोडं वर भिंतीवर एक ठिपका, दोन-तीन मिनिटं बघणं, मग पापण्या मिटू देणं, मग कपाळापासून पायापर्यंत एकेक भाग सैल. मोतीबिंदूवाल्याला ठिपका दाखवू नकोस, सरळ श्वासावर ये. तो श्वास सोडत असेल तेव्हाच बोल; वेग आपोआप उतरतो.

ही जादू आहे का, असं कोणी विचारलं तर जेम्स एस्डेलची गोष्ट सांग. 1845 मध्ये बंगालात हुगळीला या सर्जनने, क्लोरोफॉर्म येण्याआधी, अशाच अवस्थेत शस्त्रक्रिया केल्या. तो त्याचं श्रेय अंगातल्या चुंबकत्वाला द्यायचा, ते चूक होतं. अंगात असं काही चुंबकी द्रव्य नसतं हे पॅरिसच्या चौकशी समितीने 1784 सालीच दाखवलं होतं. काम करतं ते माणसाचं लक्ष आणि त्याची अपेक्षा. हे सुरुवातीलाच त्याच्या बोलीत सांगायचं: 'तुम्हाले सगळं आयकू येईन, समजीन. उठावं वाटलं त उठता येईन. नाही म्हणावं वाटलं त म्हणता येईन.' वऱ्हाडी माणसाला वर्तमानपत्री मराठीत सूचना दिल्या तर त्याचं निम्मं लक्ष शब्द लावण्यात जातं. 'नेत्र जड होत आहेत'पेक्षा 'डोये लागून रायले' लवकर पोचतं.

चित्रं निवडताना सर्वांत जास्त जप. पुस्तकातला समुद्रकिनारा इथल्या कित्येकांनी पाहिलेलाच नसतो. पायऱ्या उतरत खोल जाणं ही तर ठरलेली रीत, पण आपल्या भागात खाली उतरणाऱ्या पायऱ्या म्हणजे विहीर, आणि विहिरीशी कोणाच्या घरची काय आठवण जोडलेली असेल ते तुला माहीत नसतं. पहिल्या पावसाचा मातीचा वास कर्जातल्या माणसाला पेरणीचं बियाणं आठवून देतो. म्हणून आधीच विचार: जिवाला बरं वाटते अशी जागा कोणती? कोणी आजोळचं अंगण सांगेल, कोणी निंबाखालची बाज. तेच घे, तुझ्याकडून एक पानही जोडू नकोस.

मे महिन्यात कूलर चालूच राहील, आणि त्याची एकसारखी घरघर फायद्याची असते. बाहेरचे आवाज झाकते. त्रास होतो तो लाईट गेल्यावर. अचानक शांतता पसरली की माणूस दचकून डोळे उघडतो. म्हणून सुरुवातीलाच म्हणून ठेव: कूलर बंद पडला, ट्रॅक्टर गेला, तरी प्रत्येक आवाजासोबत अंग आणखी ढिलं पडेल.

मधेच कोणी रडायला लागलं तर थांबवू नकोस, हात लावू नकोस. 'रडू येऊ द्या, तुम्ही इथे या खोलीत आहात' एवढं शांतपणे म्हणत राहा, मग त्याच्या अंगणात परत ने. कोणी घुमायला लागलं तर मात्र पद्धत वेगळी. 'कोण आहेस' असं कधीही विचारायचं नाही. तो प्रश्न मांत्रिकाचा, आणि त्याला उत्तर मिळतंच. आवाज चढवून त्या व्यक्तीचं रोजचं नाव घे, डोळे उघडायला लाव, पाय जमिनीवर दाबायला लाव, खोलीतल्या पाच वस्तू मोजायला लाव. सोबतच्यांना कुंकू-लिंबू काढू देऊ नकोस.

बाई असेल तर दार अर्धं उघडं, सोबतचं माणूस दिसेल पण बोलणं ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर.

बाहेर आणताना घाई करू नकोस. सावकाश एक ते पाच, मग बोटं हलवणं, पाणी, नाव-गाव-वार विचारणं. कोणी उठलं नाही तर बहुतेक वेळा झोप लागलेली असते. आवाज वाढव, पुन्हा मोज. त्यानंतर पंधरा मिनिटं मोटरसायकलला हात नाही. शेवटची एसटी चुकेल अशी वेळ कोणाला देऊच नकोस, नाहीतर माणूस अर्धवट गुंगीत स्टँडकडे पळतो.

सर्वांत जास्त लोक येतील खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, सोडायला. आधी तोंड बघ. त्याची स्वतःची तीन बोटं उभी आत जात नसतील, तिखट झोंबत असेल, पांढरे चट्टे असतील, तर आधी दातांचा डॉक्टर. मग रोजच्या खर्र्याच्या पन्न्या (पुड्या) किती, पहिली उठल्यावर किती वेळाने, कोणासोबत. 'खर्रा नको' ही सूचना निकामी, कारण ऐकताना खर्राच डोळ्यांपुढे येतो. त्याच्या दिवसातला नेमका क्षण घे: चहा झाला, हात खिशाकडे गेला, त्याने दोन लांब श्वास घेतले, चूळ भरली, कामाला लागला. अशा तीन-चार बैठका, आणि तुझ्या आवाजातलं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग रोज रात्री. पहिला आठवडा चिडचिड, झोप नाही, पोट साफ नाही. हे आधी सांगितलं नाहीस तर संमोहन उतरलं समजून तो पानठेल्यावर जाईल. 1800-11-2356 ही तंबाखू सोडण्याची सरकारी हेल्पलाइन सोबत दे. फक्त संमोहनाने सुटेल असं वचन देऊ नकोस. तितका भक्कम पुरावा नाही.

चोरीला गेलेलं मंगळसूत्र शोधायला किंवा मागचा जन्म बघायला कोणी आलं तर नम्रपणे, पण पहिल्याच वाक्यात नाही म्हण. संमोहनात आठवण जास्त खरी होत नाही, ती सांगणाऱ्याचा विश्वास तेवढा वाढतो. घरच्यांचा ज्याच्यावर संशय, त्याचंच नाव तोंडातून निघतं, आणि संध्याकाळपर्यंत भावकीत काठ्या निघतात. शिवाय चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

पाटीवर नाव, शिक्षण, वेळ आणि फी लिही. डॉक्टर ही पदवी नसेल तर लिहू नकोस, 'खात्रीशीर'ही लिहू नकोस. फी बैठकीआधी घे आणि पावती दे. खोलीच्या करारावर सही करण्याआधी भर दुपारी टिनाखाली अर्धा तास बसून बघ. तुलाच डोळे मिटवत नसतील तर दुसरी जागा शोध.

तुझा हितचिंतक