ठाण्यातल्या राज्यस्तरीय कबड्डीपटूला अभिनयात जायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?
नुसत्या शरीरयष्टीवर पहिलं काम मिळू शकतं. प्रवीणकुमार सोबती यांनी १९६६च्या आशियाई स्पर्धेत थाळीफेकीचं सुवर्ण जिंकलं, पुढे दूरदर्शनच्या ‘महाभारत’मध्ये भीम साकारला. पण टिकायचं तर आवाज कमवावाच लागतो.

खेळाडूंचं हमखास चुकतं ते असं: कॅमेरा सुरू झाला की खांदे कानाकडे चढतात, जबडा आवळतो आणि वाक्य चढाईला निघाल्यासारखं एका झपाट्यात संपतं. कबड्डीनं दम मोठा दिलाय, तो शेवटच्या शब्दापर्यंत पुरवा. रोज २० मिनिटं मोठ्यानं वाचा. वाक्याचं शेपूट गिळू नका.

ऑडिशनचा व्हिडिओ साध्या भिंतीपुढे, मोबाइल आडवा आणि डोळ्यांच्या उंचीवर ठेवून काढा. नाव, वय, उंची, भाषा सांगा, मग चेहऱ्याच्या दोन्ही बाजू दाखवा. प्रसंग करताना नजर लेन्सच्या शेजारी हवी. पंखा बंद करा, नाहीतर संवादावर घरघर येते.

घोडबंदर रोडला मालिकांचे सेट आहेत, पण गेटवर ताटकळण्यापेक्षा एकांकिका करणाऱ्या संघात शिरा, अगदी बॅकस्टेजला का होईना. गडकरी रंगायतनला नाटकं बघत राहा. ऑडिशनसाठी कुणी पैसे मागितले तर सरळ उठून या.