डेल्को, पॉइंट आणि रस्त्यात बंद पडणारी गाडी : वाचकांचे प्रश्न

उन्हाळा लागला की जुन्या पेट्रोल गाडीवाल्यांचे प्रश्न वाढतात, पहिला पाऊस पडला की परत वाढतात, आणि त्यातले बरेचसे डिस्ट्रिब्युटरचे म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला सगळे डेल्को म्हणतात त्याचे असतात. यावेळी तेच घेतले आहेत. डेल्को म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा भाग. कॉईल बॅटरीच्या १२ व्होल्टचा ठिणगीएवढा मोठा व्होल्टेज करते, डेल्कोतले पॉइंट उघडून तिचा करंट तोडतात, कंडेन्सर पॉइंटवरची ठिणगी शोषतो, आत फिरणारा रोटर करंट वाटतो आणि वायरी लागतात ती वरची टोपी म्हणजे कॅप. आधीच एक विनंती, मेकॅनिकने काढलेला जुना पार्ट टाकून देऊ नका, घरी आणा आणि उजेडात नीट बघा. गाडीला काय झालं होतं ते बऱ्याचदा त्याच्यावरच दिसतं.

प्रश्न (भुसावळ) : माझी ९६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. सकाळी मस्त चालते, पण दुपारी जळगावहून परत येताना साकेगावच्या आसपास बंद पडते. वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की चालू होते. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप सगळं बदलून झालं. आता मेकॅनिक पूर्ण डेल्को बदला म्हणतो. बदलू का?

उत्तर : नका बदलू काका, निदान आत्ता तरी नका. गरम झाली की बंद आणि गार झाली की चालू, हे दुखणं एकतर पेट्रोलचं असतं नाहीतर करंटचं, आणि यातलं कुठलं ते गाडी बंद पडलेली असतानाच कळतं. गॅरेजमध्ये नेईपर्यंत ती गार होते, चालू होते, मग मेकॅनिक तरी काय करणार, अंदाजाने पार्ट बदलतो. म्हणून डिकीत एक चांगला प्लग ठेवा. बंद पडली की बॉनेट उघडा, एका सिलेंडरची प्लग वायर काढा, तो प्लग तिला लावून त्याची बॉडी इंजिनच्या लोखंडाला टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. वायर हातात धरू नका, रबरी मुठीच्या पक्कडने धरा, आणि आधी पेट्रोलचा वास येत नाही ना, कुठे गळत नाही ना ते बघूनच हे करा. कडक निळसर ठिणगी पडली तर करंट ठीक आहे, डेल्कोला हात लावायचं कारणच नाही. ठिणगी पिवळी, बारीक, किंवा पडलीच नाही तर मात्र करंटकडे या.

आता समजा करंट ठीक आहे. मग मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना, सगळ्यात जास्त शक्यता व्हेपर लॉकची. पद्मिनीचा पेट्रोल पंप मेकॅनिकल, इंजिनलाच लावलेला, इंजिन तापलं की पंपही तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि ती वाफ काही पंपाला ढकलता येत नाही. ओलं फडकं पंपावर टाका, त्यावर थोडं थोडं पाणी सोडत राहा, पाच-दहा मिनिटांत गाडी चालू झाली तर दुखणं तिथेच आहे. फक्त ते पाणी डेल्कोवर उडू देऊ नका. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपाला चिकटून जात असेल तर लांब बांधून घ्या, आणि जुनी रबरी नळी असेल तर ती बदलाच, आता पंपावर जे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं ते जुन्या रबराला मानवत नाही.

करंटच गेला असेल तर तुमच्या यादीत एक पार्ट राहिलाय तो बघा, कॉईल! बाकी सगळं बदललं पण कॉईल तीच आहे ना? कॉईल तापली की आतली बारीक तार उघडते किंवा इन्सुलेशन सोडते, गार झाली की परत जुळते. मल्टीमीटर असेल तर दोन्ही वायरी काढून कॉईलच्या दोन बारीक टर्मिनलमध्ये ओहम मोजा, गार असताना आणि गाडी बंद पडल्यावर तापलेली असताना, दोन्ही वेळा. साध्या १२ व्होल्टच्या कॉईलला साधारण ३ ओहम येतात. दीडच्या आसपास आले तर ती बॅलास्ट रेझिस्टर (करंट कमी करणारा वेगळा रेझिस्टर) लावून वापरायची कॉईल आहे, आणि ती जर कुणी रेझिस्टर न लावता सरळ १२ व्होल्टवर जोडली असेल तर दुप्पट करंट ओढणार, हात लावता येणार नाही इतकी तापणार, वर पॉइंटही जाळणार. दुकानात दोन्ही कॉईल दिसायला सारख्याच असतात, म्हणून विचारून घ्या. आणि हो, गाडी उभी असताना चावी ऑन ठेवून गाणी ऐकत बसायची सवय असेल तर सोडा, पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलं असेल तर तेवढा वेळ कॉईलमधून करंट चालूच राहतो.

प्रश्न (धुळे) : वडिलांची ॲम्बेसेडर आहे, १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन. दर पंधरा-वीस दिवसांनी पॉइंट जळतात. काचपेपर मारला की दोन दिवस बरी चालते, मग परत मिसिंग, म्हणजे मध्येच सिलेंडर पेटत नाही. चांगल्या कंपनीचे पॉइंट कुठले?

उत्तर : भाऊ, कंपनी नंतर बघू, आधी काढलेले पॉइंट भिंगाखाली धरा. एका पॉइंटवर बारीक टोक उगवलंय आणि समोरच्यावर तेवढाच खड्डा पडलाय असं दिसलं तर कंडेन्सर चुकीचा किंवा खराब आहे, पॉइंटचा काही दोष नाही. पॉइंट उघडताना जी ठिणगी तिथल्या तिथे पडली असती ती कंडेन्सर शोषून घेतो, म्हणूनच कॉईलमधला करंट झटकन तुटतो आणि प्लगला जोरात ठिणगी मिळते. तो कमजोर झाला की पॉइंट जळतात आणि प्लगची ठिणगीही मरते, दोन्हीकडून नुकसान. हल्ली मिळणारे स्वस्त कंडेन्सर पाकिटातूनच खराब निघतात, त्यामुळे नवीन टाकलाय म्हणजे चांगलाच आहे असं धरून चालू नका. कॅपॅसिटी मोजणारा मीटर असेल त्याच्याकडून मोजून घ्या, ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास यायला पाहिजे.

टोक-खड्डा नसून दोन्ही पॉइंट निळे-काळे, भाजल्यासारखे दिसत असतील तर वरच्या उत्तरातली कॉईलची गोष्ट तुम्हालाही लागू, आणि सोबत चार्जिंग तपासा. इंजिन थोडं रेस करून बॅटरीवर व्होल्टेज मोजा, साडेचौदाच्या वर जात असेल तर कटआउटचं, म्हणजे चार्जिंगवर ताबा ठेवणाऱ्या डब्याचं, काम करून घ्या. आणि पॉइंटवर काळा तेलकट थर असेल तर कुणीतरी आत ग्रीस जास्त भरलंय, तापलं की ते उडून पॉइंटवर बसतं. कॅमला, म्हणजे शाफ्टवरच्या पॉइंट उघडणाऱ्या टोकांच्या भागाला, ग्रीस लागतंच, पण बोट पुसल्याएवढं.

गॅप लावताना घाई नको. फॅन बेल्ट धरून किंवा हँडल मारून इंजिन हळूहळू फिरवा, पॉइंटची फायबरची टाच कॅमच्या बरोबर टोकावर आली पाहिजे, तिथे पॉइंट सगळ्यात जास्त उघडतात. आता फिलर गेजची (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांची) पंधरा थाऊची, म्हणजे इंचाच्या पंधरा हजारांशांची, पट्टी घाला, अडकायला नको आणि सैलही जायला नको, हलकंसं घासत गेली पाहिजे. गेज तेलकट असेल तर आधी पुसून घ्या, नाहीतर ते तेल पॉइंटला लागतं. मग कॅमच्या चारही टोकांवर गॅप बघा. एका टोकावर पंधरा आणि दुसऱ्यावर अठरा-वीस येत असेल तर बहुतेक डेल्कोच्या शाफ्टचा बुश गेलाय. रोटर काढून शाफ्ट दोन बोटांत धरून आडवा हलवा, खडखड जाणवली म्हणजे नक्कीच, आणि मग कितीही भारी पॉइंट टाका, गॅप टिकणार नाही. लेथवाल्याकडून बुश करून घ्या, पूर्ण डेल्कोपेक्षा ते पुष्कळ स्वस्तात होतं.

प्रश्न (अमळनेर) : मी शिक्षिका आहे, जुनी कार्बोरेटरवाली मारुती ८०० शाळेत जायला वापरते. पाऊस पडला की सकाळी चालू होत नाही. ऊन पडलं की होते.

उत्तर : ताई, डेल्कोची कॅप उघडून आत बघा, दव बसलेलं असतं. कोरड्या सुती कापडाने कॅप आतून-बाहेरून पुसा, वायरी पुसा, लगेच चालू होईल. पण चांगली कॅप एवढ्याशा दमटपणाने हार मानत नाही, म्हणून पुसल्यावर ती उजेडात आडवीतिडवी फिरवून बघा. आतल्या दोन टर्मिनलच्या मध्ये पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर तो करंटने जाळून केलेला रस्ता आहे, खरवडून जात नाही, कॅप बदला. मधला कोळशाचा दांडा स्प्रिंगवर आतबाहेर होतोय ना तेही बघा. अंधार पडल्यावर बॉनेट उघडून गाडी चालू ठेवली तर वायरींवर निळसर चमक दिसते, जिथे दिसेल ती वायर गेली.

कॅपच्या आत ओलावा चिकट, तेलाचा असेल तर डेल्कोचं सील किंवा ओ-रिंग गेलेली आहे, ती आधी बदलून घ्या नाहीतर नवीन कॅपही महिन्याभरात तशीच होईल. आणि वायरी एकेक करून काढा-लावा, तुमच्या तीन सिलेंडरच्या गाडीचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटायचा क्रम, १-३-२ आहे.

प्रश्न (शहादा) : "मनी गाडी घाट चढस नही" असं मी मेकॅनिकला सांगितलं तर तो कार्बोरेटर उघडून बसला. सपाटीला पद्मिनी ठीक चालते, तोरणमाळ चढताना जीव जातो. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढे घेतलं तर इंजिन ठोकतं.

उत्तर : तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण डेल्कोचं अर्धं काम लोकांना माहीतच नसतं. प्लगला करंट वाटणं हे एक, आणि इंजिनचा वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पाडणं हे दुसरं. पॉइंटच्या प्लेटखाली दोन वजनं असतात, शाफ्ट जोरात फिरला की ती बाहेर फेकली जातात आणि कॅम पुढे सरकतो. वर्षानुवर्षं तेल न मिळाल्याने ती वजनं गंजून जागच्या जागी अडकतात, मग कमी वेगात टायमिंग बरोबर आणि वेग वाढला की मागे पडलेलं, म्हणजे ओढच नाही. तुम्ही पूर्ण डेल्को फिरवून टायमिंग पुढे घेतलं की कमी वेगालाही ते पुढे जातं आणि लोड आला की इंजिन ठोकतं. तुमच्या दोन्ही तक्रारी इथे जुळतात.

तपासायला काही लागत नाही. इंजिन बंद, कॅप काढा, रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने बोटाने पिळा आणि सोडा. थोडा फिरून टुणकन परत आला तर ठीक. फिरलाच नाही, किंवा फिरून तिथेच राहिला, तर वजनं जाम आहेत किंवा स्प्रिंग तुटलीय. पॉइंटची प्लेट काढून खाली रॉकेल नाहीतर पेट्रोलने धुवा, वाळू द्या, वजनांच्या पिनांना एकेक थेंब इंजिन ऑइल द्या. रोटरच्या खाली शाफ्टच्या डोक्यात नमद्याचा तुकडा असतो, त्यालाही दोन थेंब. प्लेट काढलीच आहे तर तिला अर्थिंग देणारी विणलेली बारीक वायर अखंड आहे का बघा, ती आतून तुटते आणि प्लेट हलली की मिसिंग येतं.

डेल्कोला व्हॅक्युमचा डबा (इंजिनच्या ओढीने पॉइंटची प्लेट सरकवणारा) असेल तर त्याची नळी तोंडाने ओढून जीभ लावून ठेवा, प्लेट सरकली आणि सरकलेलीच राहिली तर पडदा चांगला आहे. पण घाटासाठी त्याला दोष देऊ नका, पाय पूर्ण दाबलेला असताना व्हॅक्युम जवळजवळ नसतोच. तो गेला असेल तर फरक पडतो सपाटीच्या ॲव्हरेजला.

हे सगळं झाल्यावर आधी गॅप आणि मगच टायमिंग, हा क्रम पक्का, कारण गॅप वाढला की टायमिंग आपोआप पुढे जातं. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनला, म्हणजे हवा दाबत वर, आणा, पुलीची खूण जुळवा, १२ व्होल्टच्या बल्बची एक वायर डेल्कोच्या बारीक वायरच्या टर्मिनलला आणि दुसरी अर्थला लावा, चावी ऑन करा. डेल्कोचा बोल्ट सैल करून बॉडी रोटर फिरतो त्या दिशेने फिरवा, बल्ब विझेल. आता अगदी हळू उलट फिरवा, ज्या क्षणी बल्ब लागला तिथे थांबून बोल्ट आवळा. आवळताना बॉडी जराशी सरकते, म्हणून नंतर परत एकदा तपासा. मग घाटात घेऊन जा, किंचित ठोकलं तर केसभर मागे घ्या.

प्रश्न (धरणगाव) : ओम्नी गॅसवर मिसिंग मारते, पेट्रोलवर नाही. किटचा दोष का?

उत्तर : आधी प्लग, वायरी, कॅप आणि रोटर बघा. गॅसमध्ये ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे करंटमधला कमजोरपणा गॅसवर आधी दिसतो. प्लगचा गॅप थोडा कमी करून बघा. गाडी शेतातल्या शेडमध्ये उभी राहत असेल तर उंदराने कुरतडलेल्या वायरी हमखास सापडतात.

प्रश्न (चाळीसगाव) : आमच्याही ॲम्बेसेडरचं इंजिन तेच १४८९ सीसीचं. डेल्को साफ करायला काढला, परत बसवला, तर आता चालूच होत नाही आणि कार्बोरेटरमधून फटाके.

उत्तर : वायरी चुकल्यात. या गाडीत डेल्कोच्या खालची खाच मध्यावर नसते, थोडी एका बाजूला असते, त्यामुळे डेल्को उलटा बसतच नाही. फक्त खालचा ड्राइव्ह गिअरच कुणी काढला असेल तर गोष्ट वेगळी. एक नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा ठेवा, हँडल मारा, हवा अंगठा उडवेल तेव्हा कॉम्प्रेशन. पुलीची खूण जुळवून थांबा आणि कॅप काढून रोटर कुठे बघतोय ते बघा. कॅपचं ते टर्मिनल एक नंबरचं. तिथून रोटर फिरतो त्या दिशेने, म्हणजे तुमच्या गाडीत घड्याळाच्या उलट, १-३-४-२ असे लावत जा. पुढच्या वेळी काढण्याआधी रोटरच्या तोंडासमोर बॉडीवर खडूने खूण करा आणि मोबाइलवर फोटो काढा.

प्रश्न (रावेर) : पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट टाकावं का?

उत्तर : रोज चालणाऱ्या गाडीला जरूर टाका, गॅप लावायची कटकट जाते, टायमिंग स्थिर राहतं. पण तीन गोष्टी बघून. शाफ्टचा बुश ढिला असेल तर आधी तो करा, किट त्याला झाकू शकत नाही. किट कुठल्या ओहमच्या कॉईलसाठी आहे ते पाकिटावर वाचून तशीच कॉईल ठेवा. आणि लाल-काळी वायर उलटी लागली तर किट त्याच क्षणी जातं, म्हणून बॅटरी सोडवूनच काम करा. केळीच्या मळ्यात, सातपुड्याच्या पायथ्याला गाडी फिरत असेल तर माझं मत पॉइंटकडे झुकतं, कारण पॉइंट बिघडले तरी काचपेपरच्या तुकड्यावर घरी पोचता येतं आणि किट गेलं की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. किट टाकलंच तर जुनी प्लेट पॉइंट-कंडेन्सरसकट, गॅप लावून, कोरड्या डब्यात भरून डिकीत ठेवा.