वाघोलीचा टू बीएचके : भाडं २१ हजार, हप्ता ४३ हजार

नमस्कार सर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही आणि मॅडम दोघेही नगरला शिक्षक, तुमचं वय ४४, दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ३५ हजार, सावेडीत स्वतःचं घर, कर्ज नाही, बँकेत २५ लाखांची एफडी आणि मुलगी नववीत. वाघोलीत सात वर्षं जुना टू बीएचके ६८ लाखांना मिळतोय, १८ लाख तुमचे, ५० लाख कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्क्यांनी. भाडं २१ हजार. तुम्ही लिहिलंय की "महिन्याला बावीसच हजार पदरचे घालायचे, पुढे भाडं म्हणजे पेन्शनच". आणि एजंट रविवारपर्यंत १ लाख टोकन मागतोय.

सर, टोकन देऊ नका. का ते सांगतो.

ते बावीस हजार बावीस नाहीयेत. हप्ता ४३,४०० च्या आसपास बसतो, वर्षाचे ५ लाख २० हजार. भाडं २१ हजार खरं, पण बारा महिने कुणाचंच येत नाही, एक भाडेकरू गेला की दुसरा येईपर्यंत रंग, साफसफाई, एजंटच्या चकरा यात महिना जातोच, म्हणून अकरा महिने धरा, २ लाख ३१ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ३,५०० प्रमाणे ४२ हजार, मिळकतकर १२ हजार धरू (स्वतः राहणाऱ्याला पुणे महापालिका ४० टक्के सवलत देते, भाड्याने दिलं की ती नाही), किरकोळ दुरुस्ती १५ हजार, एजंटची दलाली १० हजार. हातात उरतात दीड लाख. म्हणजे वर्षाला ३ लाख ७० हजार तुमच्या पगारातून, महिन्याला ३१ हजार, तेही मुलीच्या अकरावी-बारावीच्या क्लासच्या वर्षांत.

आता एफडीचं बघा. १८ लाख डाउन पेमेंट, स्टॅम्प ड्युटी ७ टक्के म्हणजे ४ लाख ७६ हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, दलाली ६८ हजार, सोसायटीची ट्रान्सफर फी २५ हजार, रंग-पंखे-गीझर-ट्यूबलाइट लाखभर. झाले २५ लाख. शून्य शिल्लक. उद्या घरात कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर फ्लॅटची एक खोली विकता येत नाही हो.

फ्लॅट एकट्या मॅडमच्या नावावर घेतला तर ड्युटीत १ टक्का सवलत आहे, ६८ हजार वाचतात, पण त्याने वरचा हिशोब बदलत नाही.

टॅक्स वाचेल असं तुमचे मेहुणे म्हणाले, त्याबद्दल. तुमचा पगार महिना ७२ हजार, मॅडमचा ६३ हजार, म्हणजे दोघंही वेगवेगळे १२ लाखांच्या बरेच आत. २०२५-२६ पासून नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स शून्य झालाय. जो टॅक्स भरायचाच नाही तो कर्जाने वाचणार कसा? शिवाय नवीन पद्धतीत भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचं व्याज भाड्यापुरतंच वजा होतं, वर उरलेला तोटा पगारातून वजा करता येत नाही.

पण मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्या एका वाक्याची वाटली, "भाडं म्हणजे पेन्शन". तुम्ही २००८ ला लागलात, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतर, जुनी पेन्शन तुम्हाला नाही. तुमची धडपड कशासाठी आहे ते मला नीट कळतंय आणि ती अगदी बरोबर आहे. पण तुम्ही ५८ ला रिटायर होणार, चौदा वर्षांनी, आणि कर्ज वीस वर्षांचं, संपेल तेव्हा तुम्ही ६४ चे. म्हणजे पगार थांबल्यावरही सहा वर्षं हप्ता चालूच. चौदा वर्षांत संपवायचं तर हप्ता ५१ हजार. जी पेन्शन तुम्हाला ५८ ला हवीये ती हा फ्लॅट ५८ ला देत नाही, उलट मागतो.

भाव वाढतील की, असं म्हणाल. वाढतील कदाचित. मी हिशोब केला, भाडं दरवर्षी ५ टक्के वाढेल असं धरून. हेच २५ लाख आणि दर महिन्याची ही घालायची रक्कम साध्या ७ टक्क्यांवर ठेवली तर दहा वर्षांनी साधारण ९५ लाख होतात. तोवर कर्जाची बाकी असेल ३५ लाख. म्हणजे फ्लॅट १ कोटी ३० लाखांना विकला गेला तर कुठे एफडीशी बरोबरी, आणि वर नफ्यावर १२.५ टक्के टॅक्स. सतरा वर्षं जुन्या बिल्डिंगला, जिथे उन्हाळ्यात टँकरवर पाणी चालतं, तिथे जवळपास दुप्पट भाव मिळेल या भरवशावर मी तुम्हाला उभं करणार नाही.

सांभाळणं हाही एक भाग आहे. माझा स्वतःचा आंबेगावला वन बीएचके होता, कॉलेजची मुलं राहायची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुलं गावी गेली ती गेलीच, सात महिने फ्लॅट बंद. कुलूप उघडलं तर आत उभं राहवेना, बाथरूममधला नहाणी ट्रॅप सुकून गटारीचा वास वर आलेला, झुरळं, ओलीने किचन ट्रॉलीचे दरवाजे फुगलेले, गीझरची टाकी गंजून फुटलेली. ३८ हजार गेले आणि मी तर पुण्यातच राहतो. तुम्हाला नगरहून शंभरेक किलोमीटर यायचं, शिक्रापूरच्या ट्रॅफिकमधून, रविवारी, नळ गळतोय म्हणून.

मुलगी पुण्याला शिकायला आली तर राहील, हे कारण मनाला लागतं, माझ्याही. पण सीईटीनंतर कुठलं कॉलेज मिळेल ते आज कुणाला ठाऊक, कोथरूडचं मिळालं तर वाघोलीहून रोज जाणं-येणं नको वाटेल तिला. चार वर्षं महिना १० हजारांची शेअरिंगची खोली धरली तरी ४ लाख ८० हजार होतात. तुमची नुसती स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशनच ५ लाखांच्या वर आहे.

मग करायचं काय? २५ लाखांतले ६ लाख अडीअडचणीला एफडीतच राहू द्या, १२ लाख मुलीच्या अॅडमिशनच्या वेळी मॅच्युअर होतील असे ठेवा. जे ३१ हजार फ्लॅटला जाणार होते त्यातले १० हजार तिच्या फीसाठी आरडीत, २० हजार इंडेक्स फंडाच्या (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा म्युच्युअल फंड) एसआयपीत, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम, चौदा वर्षं. १० टक्के धरले तर ५८ ला ७२ लाखांच्या आसपास होतात. हमी नाही, वर-खाली होईल, पण त्यावर हप्ता नाही. उरलेल्या ७ लाखांचं दोघं मिळून ठरवा.

आणि फ्लॅटच घ्यायचा असं ठरलंच तर मुलीचं शिक्षण पार पडल्यावर, वन बीएचके, कर्ज ५८ च्या आत संपेल एवढंच. सोसायटीची मागच्या वर्षभराची मेंटेनन्सची बिलं बघा, मे महिन्यात रोज किती टँकर येतात ते वॉचमनला विचारा, तो खरं सांगतो. भोगवटा पत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला, आहे का ते बघा. भाडेकरार ११ महिन्यांचा असला तरी रजिस्टर करणं मालकाचीच जबाबदारी आहे, नुसत्या नोटरीवर भागवू नका, आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून लागणारा आकार) सोसायटीला सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर लावता येत नाही.

एजंटला आजच फोन करून नाही म्हणा, रविवारची वाट बघू नका, समोर बसला की नाही म्हणणं जड जातं. आणि हे पत्र मॅडमनाही वाचायला द्या, तुमच्या पत्रात त्यांचं मत कुठेच दिसलं नाही.